पावती क्रमांक दोनशे बारा

“ती पोरगी आपल्या घरी राहिलीच न्हाई, असं म्हणायचं हाय म्हनं.”

काकू हे आजींना सांगत होत्या, आत स्वयंपाकघरात. आजींना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्या घरातली कुजबुजसुद्धा खिडकीतून रांजणापर्यंत पोचते. मी ओसरीच्या कडेला, रांजणाजवळ, पायावर पाणी घेत होते.

“कोन म्हनलं असं?” आजींनी विचारलं.

“त्यो साहेब. सकाळीच फोन आला व्हता.”

“मंग कुठं राहिली म्हनावं?”

“हदगावात. लॉजवर.”

मग आजी म्हणाल्या, “पोरीच्या जातीला लॉजवर? आपलं घर असताना?”

“गप बसा आत्याबाई. पोरीचं काम जाईल म्हनला त्यो.”

माझे पाय धुऊन झाले होते. तरी मी आणखी एक तांब्या भरून घेतला.

ओसरीच्या पार दुसऱ्या टोकाला, कुजबुज पोचणार नाही इतक्या लांब, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. एका खुर्चीत नांदेडच्या ऑफिसातल्या अकाउंटच्या मॅडम बसल्या होत्या, मांडीवर फाईल घेऊन. दुसरीत आमचे सुपरवायझर, ज्यांनी सकाळी फोन केला होता. डिसेंबरात मी या गावी कामाला आले होते, तेव्हा तीन रात्री कुठे झोपले, एवढंच विचारायला मॅडम मे महिन्याच्या उन्हात इथपर्यंत आल्या होत्या. त्या ओसरीवर उत्तर माहीत नसलेल्या त्या एकट्याच होत्या.

मी लातूरची. वडील शिक्षक, आई घरी शिकवण्या घेते. दोघंही मराठी माध्यमातले, म्हणून मला इंग्रजी शाळेत घातलं. त्याचा परिणाम असा झाला की मराठी मी बोलते, वाचते, पण लिहायला बसले की माझं अक्षर दुसरीतल्या मुलीसारखं व्हायचं. इंग्रजीत मात्र मोत्यासारखं. बोलण्यात मी दोन्ही भाषांत कमीच. शाळेत बाई म्हणायच्या, ही शांत आहे. घरी नातेवाईक म्हणायचे, हिला गर्व आहे. खरं काय होतं ते मलाही सांगता आलं नसतं.

पदवीनंतर मला नांदेडच्या एका संस्थेचं काम मिळालं. गावोगावी जायचं, घरातल्या बायकांना पाणी, जेवण, मुलांची वजनं याबद्दल ठरलेले प्रश्न विचारायचे आणि उत्तरं मोबाईलमध्ये भरायची. नोकरी नव्हती, करार होता. करारावर मला ‘स्वतंत्र सल्लागार’ म्हटलं होतं. तो शब्द इंग्रजीत फार छान दिसायचा. आमच्या चौघांच्या टीममध्ये तो सात पानी करार पूर्ण वाचणारी मी एकटीच, आणि बाकीच्यांना तो समजावून सांगणं हेच माझं टीममधलं मोठेपण. मी सांगायचे: मानधनातून दहा टक्के कर आधीच कापला जाणार. प्रवास आणि मुक्काम यांचे पैसे वेगळे मिळणार, पण पावती दिली तरच. पावती असली तर तो खर्च. पावती नसली तर तेच पैसे मानधनात धरले जाणार, म्हणजे उत्पन्न, आणि त्यावरही कपात.

“म्हणजे कागद असला तर आपण खर्चलं, कागद नसला तर कमावलं,” सुपरवायझर म्हणाले. “आता आमची इंग्लिश मॅडम आली. आता एक रुपया सुटायचा न्हाई.”

बाबांना हे सगळं फार पटलं. पावत्या जपणं हा त्यांचा स्वभावच. गॅसची, विम्याची, माझ्या पहिलीच्या फीची, सगळ्या त्यांच्याकडे आहेत. त्यांनी मला निळी फाईल आणून दिली आणि नियम सांगितला: मूळ पावती ऑफिसला, झेरॉक्स घरी. प्रत्येक झेरॉक्सच्या कोपऱ्यात ते पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहायचे. ‘हदगाव बस.’ ‘जळकोट, पावसामुळे रिक्षा.’ म्हणजे पुढे कुणी विचारलं तर आठवेल.

अडचण अशी की आमच्या कामाला पावत्या मिळतच नाहीत. एसटीचं तिकीट मिळतं, पण ते महिनाभरात पुसट होतं. फाट्यापासून गावापर्यंत काळी-पिवळी जीप, तिच्यात चौदा माणसं, दोन शेळ्या. ड्रायव्हरकडे पावती मागितली तर तो मागे वळून सगळ्या जीपला सांगतो, “ताईला पावती पायजे, लिव्हा कोनीतरी.” मी एकदाच मागितली. पुन्हा नाही.

झेरॉक्सच्या दुकानात, हॉटेलात, लॉजवर मात्र पावती मागितली की समोरचा वर न बघता विचारतो, “भरून देऊ का कोरी देऊ?” आमच्याकडे हा प्रश्न इतका साधा आहे की त्यात काही चुकीचं आहे, हे कळायलाच वेळ लागतो. कोरी म्हणजे खाली दुकानाचा शिक्का, वर नाव छापलेलं, मधे काही नाही. मधलं ज्याचं त्याने भरायचं. जो भरून मागतो त्याच्याकडे लोक जरा दयेने बघतात.

डिसेंबरात हदगाव तालुक्यातली गावं माझ्याकडे आली. हदगावात एक लॉज होतं. मी सुपरवायझरांबरोबर बघायला गेले. काउंटरवरच्या माणसाने आधी माझ्याकडे, मग त्यांच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी जिना चढलेही नाही. सुपरवायझर म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. गावात सोय करतो.” त्यांनी काकूंना फोन लावला. काकूंचं घर आधीच्या एका सर्वेत त्यांच्या ओळखीचं झालं होतं. कापूस आणि सोयाबीनची शेती, माणसं तीन: काका, काकू आणि काकूंच्या सासूबाई, म्हणजे आजी. मुलगा-सून पुण्याला.

मी पोचले तेव्हा काका एका खोलीतून कापूस बाहेर काढत होते. माझ्यासाठी. घरात आलेला कापूस त्या खोलीत भरलेला होता, तो त्यांनी चादरीत बांधून बांधून ओसरीवर आणून टाकला, जागा केली, बाज टाकली. काकूंनी ट्रंकेतून नवी चादर काढली. तिच्यावर किमतीचा कागद तसाच होता, तो त्यांनी नखाने खरवडला. तीन रात्री मी तिथे झोपले. भिंतीत, दारात, माझ्या केसांत कापसाचे तंतू असायचे. काका शेजारी भावाच्या घरी झोपायला जायचे, घरात परकी मुलगी आहे म्हणून.

मी तिथे फार कमी बोलले. पण त्यांना माझ्या न बोलण्याचा राग येत नसे. पहिल्या दिवशी मी अर्धीच भाकरी घेतली, तर आजी म्हणाल्या, “लाजती का काय? जेव की माय. लाजून लाजून पोट भरतंय व्हय?” दुसऱ्या दिवशी न विचारता माझ्या ताटात शेंगदाण्याची चटणी जास्त आली, कारण पहिल्या दिवशी मी ती बोटाने पुसून खाल्ली होती आणि कुणीतरी ते पाहिलं होतं. सकाळी काकू चुलीवर पाणी तापवून बादली न्हाणीपर्यंत आणून ठेवायच्या आणि बाहेर पाठ करून उभ्या राहायच्या, कारण न्हाणीला दार नव्हतं, पडदा होता. आईने फोन केला तेव्हा म्हणाली, आमची मुलगी मागून घेणार नाही हो. काकू म्हणाल्या, “मागायची गरज न्हाई ताई. आमी हाव की.”

काकांनी एकदा माझं काम काय ते नीट विचारून घेतलं. पगार की रोज? मी म्हटलं, करार आहे, कामाप्रमाणे पैसे, खर्चाचे वेगळे.

“म्हणजे तुमी बी गुत्तेदारच की!” ते हसले. आमच्याकडे कंत्राटदाराला गुत्तेदार म्हणतात. शाळेच्या भिंती, नाल्या, रस्ते करणारा माणूस. “आमच्या गावाला आजवर आलेला हा पहिलाच गुत्तेदार, जो भाकरी कमी खातो.”

त्यावर काकूसुद्धा हसल्या. मीही.

करारात अशा मुक्कामाची सोय होती, हे मला सांगायला हवं. पान पाचवर. कुणाच्या घरी राहिलात तर रात्रीचे तीनशे रुपये त्या घराला द्यायचे, घरधन्याची सही एका फॉर्मवर घ्यायची, संस्था ते पैसे परत देणार. फॉर्म माझ्या बॅगेत होता. तिन्ही दिवस होता. मी तो काढला नाही. ज्या घरात जेवलो त्या घराला पैसे दाखवायचे नसतात, त्यांना वाईट वाटेल, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरंही असेल. पण खरं कारण एवढंच की फॉर्म इंग्रजीत होता, तो काय आहे हे मला मराठीत, त्या ओसरीवर, तोंड वर करून सांगावं लागलं असतं. ते वाक्य मी मनात बऱ्याचदा जुळवलं आणि प्रत्येक वेळी ते उद्धट वाटलं.

निघताना काकूंनी कुंकू लावलं. आजींनी माझी मूठ उघडून तिच्यात घडी घातलेली शंभराची नोट ठेवली आणि मूठ मिटली. “खाऊला.” मी नको नको म्हणाले. “घरातून पोरगी रिकाम्या हातानं जाती का?” त्या म्हणाल्या. मी नोट घेतली आणि वाकून नमस्कार केला.

जानेवारी संपताना नांदेडला चार महिन्यांची राहिलेली बिलं करताना सुपरवायझरांनी विचारलं, “मुक्कामाचं काय लावलंत?”

मी म्हटलं, काही नाही. फॉर्म भरला नाही.

“अहो, तीन रात्री राहिला की नाही? मग तो तुमचा हक्क आहे.” त्यांनी ड्रॉवरमधून चार कोऱ्या पावत्या काढल्या, त्याच लॉजच्या, शिक्का मारलेल्या. आम्हा चौघांसाठी एकेक. “रात्रीचे सातशे. सगळे लावतात. फक्त अक्षर जरा बिघडवा मॅडम. तुमचं अक्षर लॉजवाल्याचं वाटायचं न्हाई.”

मला बिघडवावं लागलं नाही. मी मराठीत लिहिलं. ‘खोली भाडे, तीन दिवस, २१००.’ वाकडं, ओळीच्या वर-खाली जाणारं. शाळा सोडल्यावर कुठल्याही कामासाठी मी मराठीत लिहिलेला तो पहिला मजकूर. पावतीचा क्रमांक दोनशे बारा.

पैसे दहा दिवसांत आले, पूर्ण, एक रुपया कर न कापता. त्यातून मी पांढरे बूट घेतले. गावोगाव चालायला हवेच होते.

मार्च संपला तेव्हा बाबा कराच्या कागदांना बसले. मी पुढे निळी फाईल सरकवली. ते एकेक झेरॉक्स वाचत होते आणि कोपऱ्यात पेन्सिलीने लिहीत होते. लॉजच्या पावतीवर थांबले. तारीख बघितली. ते तीन दिवस मी कुठे होते हे त्यांना माहीत होतं. आईचं काकूंशी बोलणं त्यांच्यासमोर झालं होतं, आणि पुढच्या वेळी जाताना त्या घरी पेढे घेऊन जा असं त्यांनीच मला सांगितलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“ही ठेवायची?”

“ठेवा,” मी म्हटलं.

त्यांनी पंच मशीन दाबलं आणि पावती फाईलला लावली. कोपऱ्यात काही लिहिलं नाही. त्या फाईलमध्ये कोपरा कोरा असलेली ती एकच पावती आहे. ओरडले असते तर मी रडले असते आणि ते संपलं असतं. ते उठून झाडांना पाणी घालायला गेले.

पावतीबुकात क्रमांक छापलेले असतात, हे आम्हा चौघांपैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तारखा आम्ही ज्याच्या त्याच्या दौऱ्याच्या टाकल्या होत्या. माझी दोनशे बारा डिसेंबरची. दोनशे तेरा होती ऑक्टोबरची. दोनशे चौदा जानेवारीची. दोनशे अकरा पुन्हा डिसेंबरची, पण माझ्या आठवडाभर नंतरची. वर्ष संपल्यावर तपासणीत अकाउंटच्या मॅडमनी चारही पावत्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि आम्हाला बोलावलं.

या मॅडम पन्नाशीच्या, बारीक, आवाज न चढवणाऱ्या. स्वतः एसटीने येतात आणि तिकिटाच्या पाठीमागे तारीख लिहून ठेवतात.

“हदगावला डिसेंबर संपल्यावर ऑक्टोबर लागतो का?” त्यांनी विचारलं.

कुणी हसलं नाही. सुपरवायझर म्हणाले, “मॅडम, लॉजवाल्यांचे दोन-दोन पावतीबुकं चालू असतेत एकाच वेळी.”

“असतीलही,” त्या म्हणाल्या. “लॉजवाला तर म्हणेलच की राहिले होते. आपण गावांत विचारू. एका गावात खरं निघालं तर बाकीची बिलं मी मानते. खोटं निघालं तर पैसे परत, त्यावर कर, आणि करार तिथंच थांबला.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “हिच्या गावापासून सुरू करू. ही खोटं बोलणार नाही.”

त्या हे उपरोधाने म्हणाल्या नव्हत्या. त्यांना तसं वाटत होतं.

म्हणजे माझ्या एका पावतीवर बाकीच्या तिघांची कामं उभी होती. त्यातल्या एकीचं लग्न ठरलेलं, एकाची बायको बाळंतपणाला माहेरी. हे मी गाडीत पूर्ण वेळ मनात धरून ठेवलं होतं. गप्प बसायला ते चांगलं कारण होतं. वाटेत चहाला थांबलो तेव्हा मॅडम हात धुवायला गेल्या आणि सुपरवायझर माझ्याजवळ आले. “मी सकाळीच फोन करून ठेवलाय. त्या बाई सांगतील बरोबर. तुम्ही फक्त गप बसायचं. ते तर तुम्हाला जमतंच.”

ते मला जमत होतंच. म्हणून काकूंची ती कुजबुज ऐकूनही मी आत गेले नाही. तांब्या जागेवर ठेवला आणि ओसरीच्या कडेला जमिनीवर बसले, खांबाला टेकून.

अंगणात जुन्या साडीवर कुरडया वाळत घातल्या होत्या. काकू चहा घेऊन बाहेर आल्या. आधी मॅडमना, मग सुपरवायझरांना. मग ट्रे माझ्यापुढे धरला आणि माझ्या कपाळाच्या जरा वर बघत म्हणाल्या, “तुमी चहा घेता का मॅडम?”

त्या घरात मी माय होते, पोरी होते, गुत्तेदारीणबाईसुद्धा होते. मॅडम कधी नव्हते. मी मान हलवली. त्यांनी ट्रे मागे घेतला. मान हलवली त्याचा अर्थ हो होता की नाही, हे आम्हा दोघींनाही कळलं नाही.

“या ताई डिसेंबरात कामाला आल्या होत्या ना तुमच्या गावात?” मॅडमनी विचारलं.

“आल्त्या.”

“मुक्काम कुठं होता त्यांचा?”

“आमाला काय म्हाईत. हदगावला आसल. सकाळी यायच्या, सांजच्याला जायच्या.” पाठ केलेलं वाक्य त्यांनी एका दमात म्हटलं आणि पदराने ओठ पुसले.

“तुमच्याकडं नव्हत्या राहिल्या?”

“न्हाई.”

“जेवायला वगैरे?”

काकूंनी सुपरवायझरांकडे पाहिलं. हा प्रश्न फोनवर ठरला नसावा. “न्हाई,” त्या म्हणाल्या. मग एकदा न्हाई म्हटलं आहे तर पूर्णच म्हणावं, असं वाटून म्हणाल्या, “चहा बी घेतला न्हाई.”

गाडी बघून शेजारची बाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली होती. तिने मला डिसेंबरात या ओसरीवर जेवताना पाहिलं होतं. स्वतः लोणचं आणून दिलं होतं. फोनचं तिला काही ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असून मजा घेत होती. ती मोठ्याने म्हणाली, “आगं बया! तीन दिस पोरगी तुमच्या दारात, अन् चहा बी न्हाई पाजला? सूनबाई पुण्याला गेली तशी साखर बी घेऊन गेली का काय?”

सुपरवायझर हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा आधी लाल झाला आणि मग त्यावर काहीच उरलं नाही. आतून, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून, आजी सगळं बघत होत्या. त्यांना किती ऐकू आलं कोण जाणे. शेजारणीचा आवाज तर गल्लीच्या टोकापर्यंत जातो.

मॅडमनी फाईल बंद केली. त्यांचं समाधान झालं होतं, किंवा त्यांनी ते मान्य केलं होतं. “बरं. तेवढा जबाब घेऊ लिहून, वरच्या ऑफिसला लावायला. इंग्रजीत लागेल.” त्यांनी पॅड माझ्याकडे दिलं. “तुझं अक्षर चांगलं आहे. लिही. टीममधलं कोणीही या घरी राहिलं नाही, जेवलं नाही, चहा-पाणी घेतलं नाही. मग बाईंना मराठीत वाचून दाखव आणि सही घे.”

पॅड हातात घेताना माझ्या मनात पहिला विचार काय आला, तो मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. बरं झालं इंग्रजीत आहे, अक्षर जुळणार नाही. माझी मूळ पावती मॅडमच्या फाईलमध्येच होती. मला हायसं वाटलं. त्या ओसरीवर, त्या बाईसमोर, मला हायसं वाटलं.

मी लिहिलं. तीन ओळी, समास सोडून, मोत्यासारखं अक्षर. खाली सहीसाठी रेघ मारली.

काकू माझ्यासमोर येऊन बसल्या, मांडी घालून, साडीला हात पुसून. त्या सही करायला बचत गटात शिकल्या होत्या. डिसेंबरात एका संध्याकाळी त्यांनी मला ती करून दाखवली होती, माझ्याच वहीवर, आणि विचारलं होतं, बराबर हाय का. आता त्यांनी पेन धरलं तसंच, फार खाली, निबाच्या जवळ. आमच्या डोक्यांत हातभराचं अंतर होतं. त्या हळूच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या, “दमली का गं? ऊन लई हाय.”

तेवढ्यात उंबऱ्यातून आजी उठल्या. आमच्याकडे न बघता ओसरीच्या पायरीपर्यंत आल्या. पायरीखाली माझे पांढरे बूट उन्हात होते. त्यांनी काठीच्या टोकाने आधी एक, मग दुसरा, असे दोन्ही बूट रांजणाच्या सावलीत सरकवले. निघताना पाय पोळू नयेत म्हणून. मग परत जाऊन उंबऱ्यात बसल्या.

“वाच की,” मॅडम म्हणाल्या.

सुपरवायझर माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. मी गप्प बसते हे सगळ्यांना माहीत आहे.

कागदावरच्या तीन ओळी मी मनात मराठीत केल्या. या घरी कोणी राहिलं नाही. या घरी कोणी जेवलं नाही. ती वाक्यं सोपी होती. फॉर्मच्या वाक्यासारखी अवघड अजिबात नव्हती. तोंड उघडलं आणि मला कळलं की ती मला म्हणता येत नाहीत. पुढे काय होणार ते मला ठाऊक होतं. तिघांचं काय होणार, बाबा फाईल उघडून काय करणार, तेही. माझा आवाज चिरका निघाला, आणि आजींना ऐकू जावं म्हणून मला तो मोठा करावा लागला.

“काकू, सही करू नका. मी इथं राहिले होते. तीन रात्री, कापसाच्या खोलीत. रोज दोन्ही वेळा जेवले, चहा प्यायले. आजींनी जाताना शंभर रुपये दिले. लॉजची पावती मी लिहिली आहे.”